पाळणाघरातल्या तान्ह्या बाळांचं दूध-खिमट: खर्च कुणी करायचा, हिशेब कसा ठेवायचा?

कोपरखैरणे_काकू (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात माझं घरगुती पाळणाघर आहे. मोठ्या मुलांच्या डब्याबद्दल इथे पुष्कळ धागे आहेत. पण वर्षाच्या आतल्या बाळांच्या दुधाचा आणि खाण्याचा खर्च कोण करतं, फीमध्ये तो कसा लावतात, यावर कुणी मोकळेपणाने लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा धागा.

आधी माझं मत सांगते, मग तुम्ही बोला. बाळाच्या खाण्यापिण्याचे पैसे महिन्याच्या फीमध्ये मिसळू नयेत. ते वेगळे लिहावेत, आणि त्यातही वस्तूंचे किती आणि माणसाच्या श्रमाचे किती हे वेगळं दिसावं. सगळं एकाच रकमेत घातलं की ओढाताणीच्या महिन्यात कुठेतरी काटकसर होतेच, आणि ती ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाटीत होते.

आमच्या भागात मुख्यतः तीन पद्धती आहेत. काही पाळणाघरं सगळंच घरून मागवतात. काही ठिकाणी दूध घरचं आणि खिमट, पेज, नाचणी पाळणाघराची. मोठ्या साखळीवाल्या डेकेअरमध्ये बहुतेक 'मील इन्क्लुडेड' असतं, पण ते एक वर्षाच्या पुढच्यांसाठी. त्याच्या आतल्या बाळांचं काय, ते प्रवेशाच्या दिवशी तोंडी ठरतं.

माझ्याकडे बाळ येतं तीच वेळ सगळ्यात नाजूक असते. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. जिने ते घेतले तिचं बाळ माझ्या दारात येतं तेव्हा जेमतेम चार महिने ओलांडलेलं असतं, निव्वळ दुधावरचं. जिने सगळी रजा नंतरसाठी राखली तिचं बाळ येतं ते नेमकं उष्टावणाच्या सुमारास. म्हणजे एक तर आईचं दूध तुटू न देता सांभाळायचं, नाही तर बाळाला पहिल्यांदा खायला शिकवायचं. दोन्ही कामं पाळणाघराच्या अंगावर येतात आणि दोन्हींचा फीच्या पत्रकात उल्लेखही नसतो.

आता पावडरचा हिशेब. ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम (डब्यावर लिहिलेलं असतं, ब्रँडप्रमाणे थोडं वरखाली). पाच-सहा महिन्यांचं बाळ एका वेळी १८० मिली घेत असेल तर सहा चमचे, म्हणजे २७ ग्रॅम. ४०० ग्रॅमच्या डब्यात चौदा-पंधरा वेळचं दूध होतं. पाळणाघरात दिवसातून तीनदा पाजलं तर डबा पाच दिवस पुरतो. महिन्याच्या २२ दिवसांना साडेचार डबे, रात्रीचं घरचं वेगळं. डब्याची किंमत तुम्हाला माहीत आहेच.

हा खर्च मी उचलत नाही. डबा बाळाचा, त्यावर बाळाचं नाव आणि उघडल्याची तारीख. सगळ्यांसाठी एक मोठा डबा आणून त्यातून सगळ्यांना पाजायचं, हे मी कधीच करणार नाही. प्रत्येकाचं पावडरचं दूध डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं असतं, आणि बाळाच्या पोटाचं काही झालं तर कशामुळे झालं तेच कळायचं नाही.

खिमटाचं उलट आहे. मूठभर तांदूळ, मूगडाळ, भोपळ्याची फोड, चमचाभर तूप, सामानाचे फार तर दहा-पंधरा रुपये. पण भरवायला? सात महिन्यांच्या बाळाच्या पोटात छोटी वाटी जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाच बाळं, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं धरली तर सहा तासांच्या वर जातात. म्हणजे एक मावशी दिवसभर दुसरं कुठलंच काम करत नाही. पालक विचारतात, "काकू, एवढ्याशा खिमटाचे एवढे पैसे?" खिमटाचे नाहीत हो. मावशी बाळाला मांडीवर घेऊन, घाई न करता भरवते, त्याचे आहेत.

तुमच्याकडे कसं आहे ते लिहा. आणि सरकारकडून किंवा कंपनीकडून या खर्चाला काही मदत मिळते का, ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा.

घोडबंदर_आई

काकू, डब्याचा हिशेब मांडलात त्याबद्दल मनापासून धन्यवाद. मला हा हिशेब दोन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवा होता.

आमच्या पहिल्या पाळणाघरात (नाव लिहीत नाही) मी डबा नेऊन द्यायचे. रोज तीन वेळा १५० मिली, असं ठरलेलं. डबा आठ-नऊ दिवस पुरायचा. मला वाटायचं, किती जपून वापरतात! मुलाचं वजन दोन महिने हललं नाही तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, डबा किती दिवस जातो? तिथेच कागदावर आकडेमोड करून दाखवली: १५० मिलीला पाच चमचे, तीन वेळचे पंधरा, म्हणजे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. डबा सहा दिवसांच्या आत संपायलाच हवा होता. चौकशी केल्यावर कळलं, नवीन आलेल्या मुलीला ६० मिलीला एक चमचा असं कुणीतरी सांगितलं होतं. वाईट हेतूने कुणी केलं नव्हतं. त्या मुलीला चमचा कसा भरायचा हे कुणी हाताला धरून शिकवलंच नव्हतं, एवढंच.

जे पालक डबा पाळणाघरात ठेवतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की डबा कधी संपतो त्यावर लक्ष ठेवा. उशिरा संपला म्हणून खूश होऊ नका.

ठाण्याची_सिस्टर

मी ठाण्यात एका रुग्णालयात बालविभागात परिचारिका आहे. वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. पातळ दूध आम्ही नेहमी बघतो, आणि बहुतेक वेळा कारण पैसा असतो. डबा महाग, म्हणून एक चमचा कमी. बाळाचं पोट पाण्याने भरतं, ते रडत नाही, सगळ्यांना वाटतं ठीक आहे. आणि दाट करणंही तितकंच वाईट, बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. चमचा डब्यातलाच, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. आधी पाणी मोजायचं, मग पावडर.

पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घालायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली नळाखाली धरून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. बनवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पाळणाघरवाल्यांना इथेच जीवावर येतं, कारण अर्धी बाटली ओतणं म्हणजे पैसे ओतणं. त्यावर उपाय म्हणजे आधी कमी बनवा, लागलं तर पुन्हा बनवा.

आता आईचं दूध. ते फुकट असतं म्हणून हिशेबात धरत नाहीत, पण खर्चाच्या बाजूने बघितलं तर घरातली सगळ्यात मोठी बचत तीच आहे. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चालतं. मे महिन्यात आपल्याकडे एवढा वेळ धरू नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवा, आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. बर्फातून काढून वितळवलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही. आणि शक्य असेल तिथे वाटी-चमच्याने पाजा, बाटली धुण्या-उकळण्याचा अर्धा व्याप कमी होतो.

एक विनंती. कुणी दुकानदार किंवा कंपनीचा माणूस पाळणाघराला मोफत डबे देऊ लागला तर घेऊ नका. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरचे मोफत नमुने, भेटी, जाहिरात, सगळ्याला बंदी आहे. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असतं आणि पुढचे सगळे डबे विकत घ्यावे लागतात.

कोपरखैरणे_काकू

सिस्टर, फार मोलाचं लिहिलंत. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याच्या वर लावते. माझ्याकडे फ्रिजचा मधला कप्पा फक्त आईच्या दुधासाठी आहे, प्रत्येक बाळाचा वेगळा झाकणवाला डबा, आत बाटल्यांवर तारीख-वेळ. या कामाचे मी वेगळे पैसे घेत नाही. फ्रिज चालू असतोच, आणि जी आई ऑफिसच्या कोपऱ्यात बसून दूध काढून आणते तिच्याकडून मला ते घ्यावेसे वाटत नाहीत.

हिशेबी_मामा

काकू, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. बाटली धुणं, कोमट करणं, पाजणं, ढेकर काढणं, यात मावशीची तेवढीच मिनिटं जातात. पावडरवाल्या बाळाच्या पालकांकडून श्रमाचे घेता आणि याच्याकडून नाही, तर पहिल्याने दुसऱ्याचा खर्च का उचलायचा? पैसे घ्या, हवं तर कमी घ्या. मोफत दिलेलं काम आधी वगळलं जातं, हे मी धंद्यात पाहिलं आहे.

जाता जाता बाकी हिशेबही. तुम्ही घरी शिजवून पैसे घेऊन खायला घालत असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या, लहान व्यावसायिकाला वर्षाची फी १०० रुपये आहे. दुसरं, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच असतो, व्यवसायाचं शिजवायचं तर व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. बरीच पाळणाघरं हे बघत नाहीत आणि त्यामुळे त्यांचा खाण्याचा खर्च खोटाच कमी दिसतो. त्यापेक्षा विजेची शेगडी किंवा इलेक्ट्रिक कुकर ठेवा, बाळाच्या खिमटाला पुरतो आणि युनिट मोजता येतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दुधाच्या बाटल्या आणि बाळाच्या नॅपी यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने पैसे लावत असाल तर तेवढे कमी करा.

ऐरोली_आयटी

मी कंपनीच्या बाजूचं सांगते. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायलाच हवी, ही मातृत्व लाभ कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती. ५० म्हणजे सगळे मिळून, फक्त स्त्रिया नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाता येतं, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन वेळा सुट्टी मिळते. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. नेमणुकीच्या वेळी हे लेखी सांगणं मालकाचं काम आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारून घेतलं.

पण खर्चाचं काय? कायदा पाळणाघर असावं म्हणतो. त्याचे पैसे कुणी भरायचे यावर तो गप्प आहे, मग बाळाच्या दूध-खाण्याचं तर नावच नको. आमच्या कंपनीने जवळच्या एका डेकेअरशी करार केला आहे आणि फीचा काही भाग भरते. मी खाण्याची पावती जोडली तर परत आली: "फक्त केअर चार्जेस." आता काकू म्हणतात तसं वेगळं लिहिलं तर ती रक्कम कंपनीकडून कधीच मिळणार नाही, आणि एकत्र लिहिलं तर मिळते. मग मी काय करू?

कोपरखैरणे_काकू

खाणं भरवणं हे सांभाळणंच आहे, म्हणून श्रमाची रक्कम सांभाळण्यातच धरा आणि पावतीवर 'बालसंगोपन, भरवण्यासह' असं लिहून घ्या. ते खोटं नाही, कारण ते तसंच आहे. वेगळी राहील ती फक्त सामानाची रक्कम, आणि घरून डबा दिलात तर तीही नगण्य. ही अडचण तुम्ही लिहिलीत म्हणून मला सुचलं, मी माझ्या पावतीपुस्तकात असाच बदल करते.

रबाळे_शॉपफ्लोअर

ऐरोलीच्या ताईंनी लिहिलं त्यात भर. १९४८ च्या कारखाने कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवं असं कलम ४८ सांगायचं. त्याच कलमात राज्य सरकारला असा नियम करण्याची मुभा दिली होती की त्या मुलांना मोफत दूध किंवा खाऊ द्यावा लागेल. १९४८ साली देशात धान्याची टंचाई असताना कायदा लिहिणाऱ्यांना बाळाच्या दुधाची आठवण झाली होती. २०१७ ला काचेच्या इमारतींसाठी कायदा केला तेव्हा झाली नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

एमआयडीसीत आमच्याकडे बहुतेक बायका कंत्राटदाराच्या, वेगवेगळ्या नावांवर विभागलेल्या. तीसचा आकडा कागदावर कुठेच झाला नाही. त्यांची मुलं दिघ्याला, तुर्भ्याला शेजारणीकडे असतात, आणि शेजारीण जे खाते त्यातलंच बाळ खातं.

वागळे_रहिवासी

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंचं बाळ आठ महिन्यांचं आहे. त्या त्याला वस्तीतल्या एका आजींकडे ठेवतात, दिवसाचे ठरावीक पैसे देऊन. त्यांना अंगणवाडीचा शिधा मिळतो का? आजींचं पाळणाघर नोंदलेलं वगैरे काही नाही.

अंगणवाडी_सेविका_ठाणे

मिळतो, आणि नोंदलेल्या पाळणाघराशी त्याचा काही संबंध नाही. तो बाळाच्या नावाचा हक्क आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार दिला आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला तो घरी न्यायचा शिधा म्हणून मिळतो, आम्ही टीएचआर म्हणतो. मूळ कायद्यात दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं पडतील असं त्याचं प्रमाण होतं, २०२३ मध्ये ते बदललं. कमी वजनाच्या बाळांना जास्त. आईलाही गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आहार मिळतो. पिवळं-केशरी रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाची अट नाही. इमारतीत राहणाऱ्या बाळाचाही तेवढाच हक्क आहे, येत कुणी नाही ही गोष्ट वेगळी.

पण अडचणी खऱ्या आहेत त्या सांगते. जुलै २०२५ पासून शिधा देताना पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. म्हणजे ज्या आईची नोंद आहे तिला स्वतः यावं लागतं. कामाला जाणाऱ्या बायकांच्या वेळा आणि अंगणवाडीच्या वेळा जुळत नाहीत. तुमच्या ताईंना सांगा, सेविकेशी आधी बोलून ठेवा. वाटपाचा दिवस आठवडाभर आधी कळला तर एका कामाला त्या अर्धा तास उशिरा जाऊ शकतील. तुम्हीही त्या दिवशी उशीर चालवून घ्या.

आणि तो शिधा त्या आजींकडे द्यायला सांगा. बाळ दिवसभर तिथे असतं आणि पाकीट घरी फळीवर, किंवा मोठी भावंडं खातात, असं फार होतं. २०१७ मध्ये केंद्राने या आहाराचा दर बाळामागे रोज ६ वरून ८ रुपये केला. आठ रुपयांत काय येतं ते तुम्ही जाणता. म्हणून जे येतं ते तरी त्या बाळाच्याच तोंडात जायला हवं.

कोपरखैरणे_काकू

सेविकाताई, हे मला माहीत असायला हवं असं फार वाटलं. माझ्याकडे दोन बाळं सोसायटीतल्या सफाई कर्मचारी ताईंची आहेत. त्यांना उद्याच सांगते, पाकीट माझ्याकडे आणून द्या, मी शिजवून भरवते, श्रमाचे पैसे जे ठरलेत तेच. आणखी एक विचारते, सरकारचं 'पाळणा' म्हणून काही आहे ना?

अंगणवाडी_सेविका_ठाणे

आहे. पूर्वी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात 'पालना' या नावाने चालते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, पूरक आहार तिथेच. जुन्या योजनेत पालकांकडून महिन्याला दारिद्र्यरेषेखाली २० रुपये, दोघांचं उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १०० आणि त्यावर २०० असे दर होते. कल्पना चांगली आहे. पण साडेसात तास म्हणजे बारा तासांच्या पाळीवाल्या बाईला अर्धवटच सोय, आणि अशी केंद्रं हव्या तेवढ्या ठिकाणी नाहीत. तुमच्या खासगी पाळणाघराला यातून काही मिळत नाही.

एडिसनकर

माझं माहेर नौपाड्याचं, आता न्यू जर्सीत आहे. मावसबहीण इथे घरी परवाना काढून पाळणाघर चालवते. इकडे केंद्र सरकारच्या कृषी खात्याचा एक कार्यक्रम आहे, १९६८ पासूनचा, 'चाइल्ड अँड अॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम'. पाळणाघरवाल्या बाईने रोज कोणत्या मुलाला काय आणि किती वेळा दिलं याची नोंद ठेवायची, आणि महिन्याअखेर जेवणामागे ठरलेल्या दराने पैसे परत मिळतात. घरगुती पाळणाघराला एका प्रायोजक संस्थेमार्फत जावं लागतं, ती संस्था अचानक येऊन तपासते. वस्ती किंवा पालक कमी उत्पन्नाचे असतील तर दर जास्त.

बाळांसाठीचे नियम बारकाईने लिहिले आहेत. पाळणाघराने लोहयुक्त असं निदान एक पावडरचं दूध स्वतः देऊ करायलाच हवं. आईवडिलांना नको असेल तर ते नाकारून स्वतःचं आणू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर आईने आणलेलं दूध पाळणाघरवालीने पाजलं तरी तिला त्या वेळचे पैसे मिळतात. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तर आई स्वतः तिथे येऊन अंगावर पाजून गेली तरी ते धरतात. बाळ वरचं खाऊ लागलं की पालकांनी त्या जेवणातला फक्त एकच भाग आणायचा, बाकीचं पाळणाघराचं.

काकू, मला यात तुमच्या मताच्या उलट एक गोष्ट दिसली. इथे या जेवणाचे पालकांकडून वेगळे पैसे लावत नाहीत. सरकार देतं म्हणून.

कोपरखैरणे_काकू

ताई, हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आई येऊन पाजून गेली तरी पाळणाघराला पैसे! म्हणजे आईला येऊ द्यावं असं पाळणाघराला आपोआप वाटणारच. आमच्याकडे आई दुपारी आली की इतर मुलं रडतात म्हणून काही पाळणाघरं दारातच नको म्हणतात.

आणि उलट नाही हो. तिथेही वेगळाच हिशेब आहे, फक्त तो सरकारकडे जातो. कोणत्या बाळाला काय, किती वाजता, हे तुमची बहीण रोज लिहिते. पैसे कुणीही देवोत, मला ती लिहिलेली वही हवी आहे.

साइटवरचा

कासारवडवलीला बांधकामावर आहे. ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर साइटवर पाळणाघर हवं, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. 'मुंबई मोबाइल क्रेशेस'सारख्या संस्था साइटवर पाळणाघरं चालवतात, तिथे मुलांना खायलाही देतात. बिल्डरने जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा वाटा द्यायचा असतो. जिथे असं पाळणाघर नाही तिथे बाळ वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत असतं आणि त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. दहा महिन्यांचं मूल दिवसभर बिस्किटावर. फ्लॅट घेणाऱ्यांनी सॅम्पल फ्लॅट बघायला आल्यावर साइटवर पाळणाघर आहे का एवढं विचारलं तरी फरक पडेल, कारण गिऱ्हाईकाने विचारलेलं बिल्डर लक्षात ठेवतो.

नौपाड्याची_आजी

मी दोन नातवंडं घरी सांभाळली, पैशांचं मला कळत नाही, खाण्याचं सांगते. पाळणाघरात सोपं म्हणून डब्यातलं तयार सिरियल घालतात, ते महाग आणि गोड. तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून, रवाळ दळून बरणीत भरा. महिन्याला पुरेल एवढं दोनशे-तीनशे रुपयांच्या आत होतं. दोन चमचे भरड, पाणी, जिऱ्याची पूड, शिजली की तूप. नाचणी रात्री भिजवून, मोड आणून, सुकवून दळली की सत्त्व झालं. घरून ही भरड दिली की पाळणाघराला फक्त शिजवायचं काम उरतं. सहा-आठ महिन्यांना दोन-तीन वेळा, नऊच्या पुढे तीन-चार वेळा, बाकी दूध चालूच. वर्षाच्या आत मीठ-साखर नको. आणि मध अजिबात नको. आमच्या वेळी चाटवायचे, पण त्यातल्या जंतूने तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो असं नातवाच्या डॉक्टरांनी समजावलं. पाळणाघरातल्या मावशीलाही हे सांगून ठेवा, त्या मायेने देतात.

घोडबंदर_आई

आजी, भरडीचं प्रमाण? तांदूळ-डाळ निम्मं निम्मं का?

नौपाड्याची_आजी

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ. सुरुवातीला डाळ थोडी कमी, पोट बघून वाढव गं.

खारघर_वाचक

एक जाणवलं. आमच्या भागात २०१६ मध्ये पाळणाघरातल्या मारहाणीची ती घटना घडली, तेव्हापासून सगळे पालक आधी सीसीटीव्ही विचारतात. मीही विचारला. पण कॅमेऱ्यात बाळाला बाटली दिलेली दिसते, बाटलीत किती चमचे आहेत ते दिसत नाही. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कर्मचारी आणि मदतनीस असं प्रमाण आहे. काकूंच्या गणिताने दहा तान्ही बाळं एकीला भरवताच येणार नाहीत. प्रवेश घेताना मी आता विचारणार: वर्षाच्या आतली बाळं किती, आणि दुपारी बाराला त्यांना भरवायला माणसं किती?

कोपरखैरणे_काकू

अगदी हेच विचारा. आणि शक्य असेल तर दुपारी बारालाच बघायला जा, संध्याकाळी नको. माझ्याकडे कुणी त्या वेळी आलं तर मी दार उघडते, फक्त चपला बाहेर आणि हात धुऊन.

हिशेबी मामा, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. आईच्या दुधासाठीही श्रमाची रक्कम लावते, पण पावडरच्या निम्मी. बाटल्या उकळण्याचं आणि पाणी तापवण्याचं काम खरंच कमी असतं, आणि आईने दूध चालू ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

नवीन_आई_सीवूड्स

ताई, मी पुढच्या महिन्यात कामावर रुजू होते आहे, म्हणून शेवटचं विचारते. मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावी, मालवणला जातो. त्या दिवसांचे खाण्याचे पैसे तुम्ही परत देता का?

कोपरखैरणे_काकू

सामानाचे परत देते, दिवस मोजून. मावशींचे नाही. तुम्ही गावी गेलात तरी त्यांचा पगार थांबत नाही, आणि थांबवला तर तुम्ही परत याल तेव्हा दुसरीच कुणी असेल, बाळाला ओळख नसलेली. डबा अर्धा असेल तर सोबत घेऊन जा. उघडून महिना होईल तोवर परतलात नाहीत तर नवीन आणा, तो वापरू नका.